परवडणारा पोशाख आणि चार माणसांपुढे उभे राहणे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात माध्यमिक शाळेतील एका सहायक शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. शिक्षकाने अभ्यासावर बोलावे, वाचनावर बोलावे. शर्ट-पँटीवर काय बोलायचे? परंतु पोशाखाचा प्रश्न हलका आहे असे मी मानीत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले, तेव्हा लुगडे कसे नेसावे आणि स्वच्छ कसे राहावे यावरही ते मुद्दाम बोलले. पाण्याच्या हक्कासाठी लढणाऱ्या पुढाऱ्याला हा विषय क्षुल्लक वाटला नाही. कारण उघड आहे. श्रीमंताच्या मुलाने चुरगळलेला शर्ट घातला तर लोक म्हणतात, किती साधा मुलगा! तोच शर्ट गरिबाच्या मुलाने घातला तर म्हणतात, गबाळा आहे. हा न्याय नव्हे, पण जग असे आहे आणि आपल्या मुलांना याच जगात नोकरी मागावयाची आहे.

आता नोकरीची रीतही बदलली आहे. पूर्वी मुलाखत म्हणजे खुर्चीत बसून प्रश्नांची उत्तरे देणे एवढेच होते. आज डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बी.फार्म., एवढेच काय बी.कॉम.च्या मुलांनाही दहा मिनिटे उभे राहून, पडद्यावर आकडे नि चित्रे दाखवून आपले काम समजावून सांगावे लागते. त्यालाच प्रेझेंटेशन म्हणतात. नोकरी लागल्यावरही ते सुटत नाही. आम्हा शिक्षकांना हे नवे नाही. बी.एड.ला आम्ही पाठ घेतो तेव्हा मागच्या बाकावर परीक्षक बसलेले असतात आणि फळ्याकडे वळलेल्या पाठीवर सर्वांची नजर असते.

आपल्याच शाळेतून गेलेल्या एका मुलाची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. मुलगा हुशार, डिप्लोमाला पहिल्या वर्गात पास झालेला. पुण्याच्या एका कंपनीने त्याला आपल्या प्रोजेक्टवर दहा मिनिटे बोलण्यास बोलावले. कोणी तरी त्याला सांगितले की तेथे सर्व मुले सूट-टायमध्ये येतात. वडील मागावर कामाला. सूट आणणार कोठून? मुलगा गेलाच नाही. घरी सांगितले की तारीख पुढे ढकलली आहे. दुसऱ्या एका घरी याच्या उलट झाले. आईने कानातले गहाण टाकून मुलाला साडेसहा हजारांचा सूट घेऊन दिला. त्या सुटात खांदे दोन बोटे बाहेर, बाह्या हाताच्या पंजावर. मुलाने मुलाखतीचा निम्मा वेळ बाह्या मागे सारण्यात घालवला. पुढे तो सूट मामाच्या मुलीच्या लग्नात एकदा घातला, आता पेटीत आहे.

सोने गहाण टाकण्यास माझा सरसकट विरोध नाही. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला तेव्हा सुमारे एक हजार रुपये लागत होते. त्यांच्या भगिनी जोहरा यांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. हे कलामसाहेबांनीच लिहून ठेवले आहे. पण ते सोने फीसाठी गेले, कोटासाठी नव्हे. आणि कोटाचा मोह भल्याभल्यांना होतो. १८८८ साली लंडनला गेलेल्या तरुण गांधीजींनी एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंड घालवून संध्याकाळचा सूट शिवला आणि रोज दहा मिनिटे आरशापुढे टाय बांधण्यात घालवली. हे वेड सुमारे तीन महिने टिकले. त्यांच्या आत्मकथेत हा सारा जमाखर्च आहे. तरुणांनी तो भाग जरूर वाचावा.

तेव्हा मित्रहो, सूट नसला तरी चालतो. आपल्या भागातल्या बहुतेक कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत आणि शाळांत साधी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट पुरतात. शंका असेल तर बोलावणाऱ्या कचेरीला सरळ विचारावे, त्यात कमीपणा नाही. ठिकाण जवळ असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सुटण्याच्या वेळी फाटकापाशी जाऊन उभे राहा. बाहेर पडणारी माणसे काय घालून येतात ते पाहा आणि त्यांच्यापेक्षा अगदी थोडे अधिक नीटनेटके दिसाल असे कपडे घाला. वर्कशॉपमधली यंत्रे दाखवून बोलावयाचे असेल तर टाय आणि मोकळी ओढणी दोन्ही घरी ठेवा. फिरत्या यंत्रापाशी ती जिवावर बेतते.

आता हिशेब. कपडा विणणाऱ्यांच्या गावात कपड्यावर व्याख्यान देणे म्हणजे धाडसच आहे, तरी सांगतो. ५८ इंची पन्ह्याचे कापड असेल तर मध्यम बांध्याच्या मुलाच्या पँटीला १.२० ते १.३० मीटर आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टाला १.६० मीटर पुरते. शर्टाचा पन्हा ३६ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागते. आपल्या बाजारात आज बेताचे कापड घेऊन शिलाईसह पँट साधारण नऊशे रुपयांत आणि शर्ट साडेसातशेत होतो. एक पँट, दोन शर्ट, नऊशेचे काळे बूट, अडीचशेचा पट्टा आणि पन्नासचे मोजे धरले तर बेरीज तीन हजार सहाशे होते. यातले निम्मे बहुतेकांच्या घरी आधीच असते. पँट गडद निळी किंवा राखाडी असावी, शर्ट पांढरा किंवा फिकट निळा. त्यामुळे दोन्ही शर्ट एकाच पँटीवर चालतात आणि आज काय घालू हा प्रश्नच राहत नाही.

कापड घेताना एक कोपरा मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर एस.टी.च्या प्रवासानंतर त्या कापडाची काय दशा होईल ते तेथेच कळते. शुद्ध सुती कापड अंगाला थंड, पण चुरगळते. टेरिकॉट कमी चुरगळते, पण उन्हाळ्यात घाम येतो. एकच शर्ट घेणाऱ्याने मिश्र कापड घ्यावे असे माझे मत आहे. पांढरे कापड घेताना त्याखाली हात धरून पाहा. बोटे दिसली तर बनियनही दिसेल. सुती कापड शिवावयास टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे ते जे काही आकसायचे ते आधीच आकसेल. टेलरमास्तरांना सांगून पँटीच्या कमरेत आणि तळाशी मार्जिन ठेवून घ्या. वाढत्या वयाच्या मुलाची तीच पँट त्यामुळे आणखी दोन वर्षे चालते.

पालकांना एक विनंती. आपल्या घरी कपडे मुख्यतः ईदला होतात. त्या वेळी मुलगा चमकणारा, नक्षीचा शर्ट मागतो आणि आपण प्रेमाने घेऊन देतो. घरात नोकरी शोधणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्या वर्षीचा ईदचा जोड साधा, कामाला चालेल असा शिवा. नमाजलाही तो शोभतो आणि सोमवारी मुलाखतीलाही. कापड मात्र शाबानमध्येच टेलरकडे टाका. निम्मा रमजान उलटल्यावर कोणताही चांगला टेलर नवे काम घेत नाही, हे आपण सर्व जाणता.

मोठ्या भावाचे, चुलत्याचे कपडे घालण्यात लाज नाही. फक्त खांदा पाहा. शर्टाची शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. कंबर, लांबी, बाह्या हे सर्व थोड्या पैशांत दुरुस्त होते. खांदा दुरुस्त करणे मात्र नवा शर्ट शिवण्याइतके कटकटीचे आहे. भावाच्या कोटाचेही तेच. खांदा बसत असेल तर घ्या, नसेल तर कोटाशिवाय जा.

कपडे टिकतात ते धुण्या-वाळवण्यावर. कॉलर आणि कफ भिजवण्यापूर्वी साबण लावून मऊ ब्रशने घासावेत. उलटे करून सावलीत वाळवावे. पांढऱ्याला नीळ अगदी थोडी, नाही तर शर्ट आजारी दिसतो. गडद पँटीवर इस्त्री उलट बाजूने किंवा वर ओले फडके ठेवून फिरवा. थेट गरम इस्त्रीने जी चकाकी येते ती पुन्हा जात नाही. बूट पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, चुलीपाशी नको, चामडे तडकते. टाच झिजली असेल तर चांभाराकडून बसवून घ्या. समोरचे लोक बुटाचा पुढचा भाग बसल्यावर पाहतात. तुम्ही पडद्याकडे वळलात की टाचच पाहतात.

लांबच्या गावी जाताना मुलाखतीचे कपडे घालून प्रवास करू नका. शर्टाच्या कॉलरमध्ये कागदाची गुंडाळी घालून, घडीत वर्तमानपत्र ठेवून पिशवीत वर ठेवा आणि पोहोचल्यावर बदला. अत्तराचा शौक आपल्याकडे आहे आणि तो चांगला आहे. परंतु बंद, वातानुकूलित खोलीत ऊद किंवा शमामा फार जड होतो. त्या दिवशी नुसते आंघोळीवर भागवा. दाढी ठेवणाऱ्याने ती नीट कातरलेली ठेवावी, न ठेवणाऱ्याने सकाळी करावी. गुटख्याने रंगलेल्या दातांवर मात्र कोणताही टेलर इलाज करू शकत नाही.

मुलींसाठी थोडे वेगळे बोलले पाहिजे. मुलाच्या मुलाखतीला घरातून पैसे निघतात. मुलीला म्हणतात, तुझ्याकडे आहे ना एखादा ड्रेस! हे मला योग्य वाटत नाही. साधा, फिकट रंगाचा, मळखाऊ नव्हे पण भडकही नव्हे असा सलवार-कमीज तिलाही हवा. ओढणी किंवा स्कार्फ घेणाऱ्या मुलीने तो दोन्ही बाजूंना पिनांनी पक्का करावा. पडद्याकडे हात करताना ओढणी घसरली की बोलण्याचा धागा तुटतो. मोठ्या खोलीत कपड्याला लावायचा छोटा माइक देतात. तो स्कार्फच्या आत गेला तर खरखर ऐकू येते, म्हणून तो बाहेरच्या घडीवर लावावा आणि एक जादा पिन जवळ ठेवावी. हातात वाजणाऱ्या बांगड्या नकोत, माइक त्याही ऐकतो.

आजकाल पहिली मुलाखत मोबाइलवरही होते. कॅमेऱ्यापुढे बारीक चौकडी किंवा बारीक पट्ट्यांचे कापड लहरी मारल्यासारखे दिसते, म्हणून एकरंगी घाला. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. नाही तर चेहरा काळा दिसतो आणि शर्टाचा खर्च फुकट जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच कपड्यांत सराव करा. आधी दोन्ही हात वर करून पाहा, शर्ट पँटीतून बाहेर येतो काय? खाली बसून पाहा, पँट ताणते काय? त्या बुटांत अर्धा तास उभे राहा, कारण नवा बूट मुलाखतीच्या दिवशीच चावतो. मग घरच्यांना समोर बसवून दहा मिनिटांचे भाषण पूर्ण करा. अब्बांना विषय कळला नाही तरी चालेल; तुमचा हात खिशात जातो का, एवढे ते नक्की सांगतील.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी सूचना अशी की वसतिगृहात एक इस्त्री, एक मजबूत टेबल आणि पूर्ण उंचीचा आरसा ठेवावा. आपल्या वसतिगृहात आज तोंड पाहण्याएवढाच आरसा आहे, त्यात मुलाला स्वतःची पँट दिसत नाही. तोपर्यंत येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर बारावी आणि त्यापुढच्या मुलामुलींनी घरातला एक शर्ट किंवा कमीज, भावाची असेल तर एक पँट आणि आपले बूट घेऊन शिवणवर्गात यावे. शिवणकामाच्या बाईंनी थांबण्याचे कबूल केले आहे. सुई-दोरा आणि पॉलिश आमच्याकडे आहे. गुंड्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात.