एप्रिलचं ऊन आणि बर्फाचा उतार

मागे ट्रान्स हार्बर लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. कोपरखैरण्यात एप्रिलमध्ये खिडकी बंद करून रेकॉर्डिंग करणं माझ्याच्याने होत नाही.

सुट्ट्या लागल्यात. दर दुसऱ्या सोसायटीतून एक ग्रुप मनालीला, नाहीतर सिक्कीमला निघालाय. म्हणून आज हिमस्खलनाबद्दल बोलू.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. दरड म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, आणि ऊन पडलं की आपण म्हणतो, चला, आता धोका टळला. बर्फात वसंत ऋतूत नेमकं उलटं होतं. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ गोठून दगडासारखा होतो. सकाळी ऊन चढतं, वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपतं आणि बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. दुपारी अख्खा उतार खाली येऊ शकतो. रात्रभर ढग असतील तर बर्फ गोठतच नाही, मग पहाटे निघूनही फार उपयोग नाही.

4 एप्रिल 2023. सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणारा रस्ता. दुपारी बाराच्या सुमारास वरून बर्फ आला आणि 7 पर्यटक गेले. ट्रेकिंग नाही, चढाई नाही, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली माणसं. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते आणि लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. म्हणजे तुम्ही सपाट जागी असलात तरी डोक्यावर कोणता उतार आहे, हे बघावंच लागतं.

आता माझी गोष्ट. मनालीच्या वर एका ट्रेकला आमच्या गाईडदादांनी पहाटे चारला निघायचं सांगितलं होतं. आम्ही निघालो सातला. कारण? चहा, चार्जिंग, रील. परत येताना साडेबारा वाजले. पाय पोटरीपर्यंत रुतत होते आणि उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत होते. दादा थांबले. म्हणाले, एकेकाने जायचं, मध्ये थांबायचं नाही, पलीकडे पोचलात की हात करा. अर्धा तास गेला. मी चिडले होते. सगळे सुखरूप उतरलो आणि रात्री जेवताना कोणीतरी म्हणालं, "उगाच घाबरवलं, काही झालं तर नाही." मी पण हसले.

मला आज सगळ्यात जास्त भीती त्या हसण्याची वाटते. काही झालं नाही म्हणून आपण बरोबर होतो, असं नसतं ना! पोटरीपर्यंत रुतणारे पाय आणि घरंगळणारे गोळे, दोन्ही खुणा समोर होत्या. पुढच्या वेळी दादा नसते, तर मी त्याच वेळेला सगळ्यांना घोळक्यानेच नेलं असतं.

गाडलेल्या माणसाकडे वेळ फार कमी असतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं. बाहेरून मदत पोचेपर्यंत ती संपलेली असतात, म्हणून शोधायचं सोबतच्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर आणि ग्रुपकडे शोधकाठ्या, फावडी लागतात. फोन त्याची जागा घेत नाही, उलट ट्रान्सीव्हरला त्रास देतो. चालताना दोघांत किमान 20 सेंटिमीटर अंतर ठेवा, शोधताना 50. फोन बंदच केलेला बरा.

फोनचा खरा उपयोग निघण्याआधी. हिमस्खलनाचा इशारा बघा. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था तो देते. दुसरं म्हणजे उतार मोजा. बहुतेक मोठी हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात आणि कोन मोजणारं ॲप फुकट मिळतं.

या रविवारी घणसोलीच्या गवळीदेवला जाणार असाल तर तिथेच सराव करा. आधी अंदाज लिहा, मग काठी उतारावर आडवी ठेवून तिच्यावर फोन ठेवा. आकडा मला पाठवा. माझा पहिला अंदाज 45 होता, निघाला 26.