एका यंत्रात अनेक यंत्रे



एकशिक्षकी शाळा ज्यांनी चालविली असेल, त्यांना आजचा विषय परका वाटणार नाही. एकच खोली, एकच गुरुजी आणि इयत्ता चार. पहिलीस अक्षरे गिरवावयास द्यावयाची, दुसरीकडून पाढे लिहून घ्यावयाचे, तिसरीची गणिते तपासावयाची आणि तेवढ्या अवकाशात चौथीस भूगोलाचा पाठ समजावून द्यावयाचा. गुरुजी पाळीपाळीने प्रत्येक वर्गाकडे वळतात. पण फेरी नीट बसली म्हणजे गुरुजी आपलेच आहेत असे प्रत्येक वर्गास वाटत राहते. एका संगणकाच्या पोटात परस्परांपासून अलग असे अनेक संगणक नांदविण्याची जी विद्या आहे, तिचे मर्म हेच होय. तिला आभासीकरण किंवा व्हर्च्युअलायझेशन असे नाव आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात ती प्रत्यक्षात आणली, आणि १९७२ साली कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. त्या काळी यंत्र अतिशय महाग असे. म्हणून एकाच यंत्रावर बसलेल्या प्रत्येकास स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखे काम करता यावे, हा त्यामागील हेतू होता. टेबलावरच्या लहान संगणकांचे प्रोसेसर मात्र ह्या कामासाठी घडविलेले नव्हते. २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने आपल्या प्रोसेसरांत त्यासाठी खास सोय केली. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा भाग सामील झाला. ह्या पायावर ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स ह्या कंपनीने २००८ साली ‘प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिची मूळ संहिता खुली आहे. ती उतरवून घेण्यास आणि वापरण्यास मूल्य पडत नाही. मूल्य पडते ते कंपनीचे साहाय्य आणि तिचे विशेष अद्यतन-भांडार ह्यांसाठी.

शाळेस ह्याचा उपयोग कोणता? एका यंत्रात मराठी विकिपीडियाची प्रत ठेवून, किविक्स ह्या साधनाच्या योगे, इंटरनेट बंद असतानाही मुलांना ती वाचावयास देता येते. दुसऱ्यात शाळेची कागदपत्रे ठेवता येतात. तिसरे यंत्र मुलांच्या प्रयोगासाठी मोकळे सोडता येते. त्यांनी ते बिघडविले तरी शेजारच्या दोन यंत्रांस धक्का लागत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या संगणकांवर विंडोज ११ चढत नाही, त्यांतील काहींना असे नवे काम देता येईल. परंतु काम एकच असेल, तर हा खटाटोप करू नये. तेथे साधे लिनक्स पुरेसे आहे.

पूर्वतयारी

प्रथम परवानगी. संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेला असतो. त्याचे स्वरूप बदलण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी.

नंतर यंत्राची पात्रता पाहावी. प्रोसेसर ६४ बिटांचा असावा आणि त्यात इंटेल व्हीटी किंवा एएमडी-व्ही ही सोय असावी. पुष्कळ संगणकांत ती असूनही बंद ठेवलेली असते. यंत्र सुरू होतानाच बायोसच्या पडद्यावर जाऊन ती चालू करावी लागते. जोडणी तारेच्या नेटवर्कची असावी. वायफायवर आभासी यंत्रांची जोडणी सरळपणे होत नाही.

रॅमचा हिशेब आधी कागदावर मांडावा. गुरुजींचे लक्ष पाळीने वाटता येते, तसा प्रोसेसरचा वेळही वाटता येतो. खोलीतील बसण्याची जागा मात्र पाळीने वाटता येत नाही. जितकी मुले तितकी जागा हवीच. रॅमचे तसेच आहे. यंत्रात ८ जीबी रॅम असेल, तर २ जीबी मूळ प्रणालीस, १ जीबी ग्रंथालयास, १ जीबी कागदपत्रांस आणि ३ जीबी प्रयोगाच्या यंत्रास द्यावी. बेरीज ७ होते आणि १ जीबी शिल्लक राहते. ही बेरीज ८ च्या पुढे नेली, तर सगळीच यंत्रे रखडू लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रॉक्समॉक्सची स्थापना करताना निवडलेली हार्ड डिस्क संपूर्ण पुसली जाते. तिच्यावर निकालपत्रके, छायाचित्रे, पत्रव्यवहार असे जे असेल ते सारे जाते. म्हणून आधी त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. प्रत घेतली आहे एवढ्या समजुतीवर विसंबू नये. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच असते.

स्थापना

कंपनीच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवावी आणि तेथे दिलेल्या एसएचए-२५६ ह्या खुणेशी तिची खूण जुळते की नाही ते पाहावे. खूण जुळली म्हणजे फाइल वाटेत बिघडलेली नाही. मग रूफस किंवा बलेनाएचर ह्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी. रूफसमध्ये डीडी हा प्रकार निवडावा. पेनड्राइव्हवरील जुना मजकूरही ह्यात पुसला जातो.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला म्हणजे स्थापनेचा पडदा येतो. परवान्याच्या अटी मान्य केल्यावर डिस्क विचारली जाते. एकाहून अधिक डिस्क असतील, तर आकारमान वाचून योग्य तीच निवडावी. येथे घाई करू नये, कारण पुढे पश्चात्तापास वाव नाही. एकच डिस्क आणि थोडी रॅम असेल, तर एक्स्ट-४ ही नेहमीची रचना ठेवावी. झेडएफएसचे गुण मोठे आहेत, पण तिला रॅम अधिक लागते. नंतर देश, कालविभाग, परवलीचा शब्द आणि ईमेलचा पत्ता द्यावा.

शेवटी नेटवर्कचा पत्ता द्यावयाचा असतो; तो एकदा ठरला की कायम राहतो. घराचा क्रमांक रोज बदलला तर टपाल पोहोचत नाही, तद्वत् येथेही आहे. राउटर इतर उपकरणांना जे पत्ते आपोआप वाटतो, त्यांच्या बाहेरील एखादा पत्ता निवडावा आणि लिहून ठेवावा.

काही मिनिटांत काम पुरे होते. संगणक पुन्हा सुरू झाला की पडद्यावर एक पत्ता दिसतो. त्याच्या शेवटी ८००६ हा आकडा असतो. यापुढील काम दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून करावयाचे. आरंभी एचटीटीपीएस लिहून तो पत्ता उघडला म्हणजे ब्राउझर सावधगिरीची सूचना देतो. यंत्राने स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असते, म्हणून ती येते. पत्ता आपलाच आहे याची खात्री करून पुढे जावे. रूट ह्या नावाने प्रवेश केल्यावर वर्गणी नसल्याची सूचना दिसते. तिने गोंधळू नये. अद्यतने मिळावीत म्हणून वर्गणीचे भांडार बंद करून विनावर्गणी भांडार चालू करावे.

पहिले आभासी यंत्र

नव्या यंत्रावर जी प्रणाली चढवावयाची, तिची आयएसओ फाइल प्रथम साठ्यात घालावी. नंतर नवे यंत्र निर्माण करण्याची कळ दाबून नाव, प्रोसेसरचे भाग, रॅम आणि डिस्कचे आकारमान भरावे. पहिल्या यंत्रास प्रणाली १०० हा क्रमांक सुचविते. कागदावर मांडलेला हिशेब येथे कामास येतो. पुढील सर्व क्रिया खऱ्या संगणकावर लिनक्स चढविताना जशी होते, तशीच होते. विंडोज चढवावयाचे असल्यास त्याचा परवाना वेगळा लागतो.

राखण

चार यंत्रे एका पेटीत आली, म्हणजे पेटी बंद पडताच चारही बंद पडतात. ह्या व्यवस्थेचा हा मोठा दोष आहे आणि तो झाकून ठेवण्यात हित नाही. वीज अचानक गेली तर चालू लेखन अर्धवट राहून फाइली बिघडू शकतात. म्हणून यूपीएस आवश्यक समजावा आणि त्याची बॅटरी उतरण्यापूर्वी यंत्रे रीतसर बंद करावीत. ८००६ हा दरवाजा राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला उघडा करून देऊ नये.

स्नॅपशॉट आणि बॅकअप ह्यांतील भेदही ध्यानात ठेवावा. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती. प्रयोग फसला तर मागे जाण्यास ती उत्तम. पण ती त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की तीही जाते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. प्रणालीत त्याचे वेळापत्रक लावता येते. महिन्यातून एकदा तो बॅकअप नव्या क्रमांकाने परत उभा करून, त्यातील फाइली उघडतात की नाही ते पाहावे आणि मग ते चाचणीचे यंत्र काढून टाकावे.

एक गोष्ट कोणत्याही पडद्यावर विचारली जात नाही. हौशी शिक्षक मोठ्या कष्टाने अशी व्यवस्था उभी करतो आणि पुढे त्याची बदली होते. परवलीचा शब्द त्याच्या स्मरणात, पत्ता त्याच्या खिशातील वहीत. मागे राहिलेल्यांस बंद पेटीखेरीज काही उरत नाही. ह्यावर उपाय साधा आहे. यंत्राचा पत्ता, कोणत्या क्रमांकाचे यंत्र कशासाठी, बॅकअप कोठे आहे आणि तो परत कसा उभारावा, हे सारे शाळेच्या एका वहीत मराठीत लिहावे. परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. ज्याने काम केले त्याने मग बाजूस बसावे आणि दुसऱ्या शिक्षकाने केवळ ती वही वाचून एक बॅकअप परत उभा करून दाखवावा. जेथे तो अडेल, तेथे वही दुरुस्त करावी.

ही परीक्षा उतरली, म्हणजे स्थापना पूर्ण झाली असे समजावे. यंत्र शाळेच्या नोंदवहीत केव्हाच चढलेले असते. ते चालविण्याचे ज्ञान शाळेत राहिले, तरच मुलांचे ग्रंथालय आणि शाळेची कागदपत्रे बदलीच्या हुकुमानंतरही चालू राहतील.