जुलूम आपल्याच पंगतीत
(कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. चौथी पास झालो आणि कामाला लागलो. तेव्हा इथं पुस्तकी व्याख्यान ऐकायला मिळेल अशी आशा कुणी धरू नये. दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात एकच गोष्ट बोलायची आहे.

मालकाचा जुलूम आपल्याला चटकन ओळखता येतो. पगार कापला, ओळखला. बदलीवाल्याला दारातून परत लावला, ओळखला. त्याला पत्रक वाचावं लागत नाही, पोटच सांगतं. पण दुसरा एक जुलूम आहे. तो आपल्या डोळ्यांदेखत रोज होतो, आणि आपण त्याला जुलूम म्हणत नाही. आपण त्याला रीत म्हणतो, सवय म्हणतो, फार झालं तर ज्याची त्याची आवड म्हणतो. समाजाचा जुलूम तो हाच. आणि त्याची फिर्याद नेणार कुणाकडे? करणारे आपणच!

आमच्याच खात्यातली गोष्ट सांगतो. आम्ही बहुतेक कुणबी-मराठ्यांच्या घरातली पोरं. दुपारच्या सुट्टीत दहा-बारा जण गाठींच्या आडोशाला बसून जेवतो. ठेचा या डब्यातून त्या डब्यात जातो, कुणाची भाजी संपली तर दुसऱ्याची पुढं येते. सफाईवरचा एक सोबती मात्र चार वर्षं नळापाशी एकटाच बसून जेवत होता. नवा माणूस विचारायचा, तो तिकडं काहून बसते? आम्ही सांगायचो, "त्याले एकटंच बरं वाटते." हे आम्ही खोटं म्हणून सांगत नव्हतो बरं का! आम्हाला ते खरंच वाटत होतं.

गेल्या पगारवाढीच्या वेळी तो गेटसभेला आला नाही. आम्ही चवताळलो. फुटीर, मालकाचा माणूस, काय काय शब्द तयार ठेवले आणि चौघे त्याच्या घरी गेलो. त्यानं चटई टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्यातले दोघं म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. त्यानं तांब्या उचलून आत नेला आणि मग बोलला, "पयल्या आठवड्यात मी तुमच्यात बसलो व्हतो. कोनीतरी आपला डबा उचलून दुसऱ्या बाजूले नेला. तुमाले आठवत नसन. मले आठवते. तुमी मले मोर्च्याले बलावता, भाकरीले नाई बलावत."

आमच्यापैकी कुणालाच ते आठवलं नाही. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. नुसता एक डबा हातभर सरकला होता. घटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता गेली ती १९५० साली, गुन्ह्याचा कायदा झाला १९५५ साली. हातभर सरकलेल्या डब्याला कोणता कायदा लावणार?

तेव्हापासून आम्ही एक खूण धरून ठेवली आहे. ज्याच्यावर जुलूम होतो त्यालाच तो आवडतो, असं सांगितलं जाऊ लागलं की सावध व्हायचं. त्याला वेगळं बसायला आवडतं. बायांना हेच काम जमतं. त्या वस्तीला तसंच राहायची सवय आहे. यातलं एकही वाक्य त्या माणसाला विचारून बोललेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, ही तुमच्या एका खात्यातली कुरकूर झाली, गिरणी कामगारांच्या लढ्याशी तिचा काय संबंध? संबंध फार जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या काळी साळखात्यात पगार बरा मिळे, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साळखात्यात शिरायला बंदी. तो कमी पगाराच्या रिंगखात्यात. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडानं ओढून काढावं लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. साळखात्यातले म्हणत, आम्ही बाटतो. खोकून खोकून बेजार झालेल्या माणसाची थुंकी चालायची, निरोगी महाराची चालत नव्हती! आणि या बाटण्याच्या हिशेबानं दर महिन्याला कुणाच्या खिशात जास्त आणि कुणाच्या खिशात कमी पडत होतं, ते तुम्हीच मांडा. मालकाला तर बोटही हलवावं लागत नव्हतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच हिशेब मांडला. सगळ्या खात्यांत आमच्या माणसांना काम मिळालं पाहिजे ही मागणी घ्या, नाहीतर मी त्यांना संपात राहा असं कसं सांगू, असा त्यांचा सवाल होता. पुढाऱ्यांनी मागणी घेतली, पण कुरकुरत घेतली. ते पुढारी वाईट होते असं आम्ही म्हणत नाही. मालकाविरुद्ध त्यांनी हाडं झिजवली. पण मालकाकडं बघता बघता आपल्याच रांगेकडं बघायचं राहून गेलं. याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. तेव्हा जातीचं नाव काढलं की एकी मोडते, असं आम्हाला सांगू नका. एकी डबा सरकवणाऱ्यानं मोडली, डबा सरकला हे सांगणाऱ्यानं नव्हे.

आता तो धोटा राहिला नाही. धोट्याशिवाय चालणारे माग आले. मुंबईच्या गिरण्याही १९८२च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. बाटायचं कारण तर मिटलं. मग आज खोली भाड्यानं मागायला गेलं की घरमालक पगार विचारायच्या आधी आडनाव काहून विचारते? कारण बदललं, माणूस तोच बाहेर. ही दुसरी खूण.

तिसरी खूण आम्हाला एका बाईनं शिकवली, आणि ती आपल्या बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल झालं, लोकलाजेपायी तिनं ते मारलं, आणि कोर्टानं तिला फाशी सुनावली. ती शिक्षा पुढं कमी झाली. पण वर्तमानपत्रांना जोर चढला, साऱ्या बायकांच्या चालचलणुकीवर रकाने भरू लागले. ते वाचून ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, पुण्याला छापलं. त्यांचा सवाल साधा आहे. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही काय? बायको मेली की पुरुषानं लगेच दुसरी करावी, आणि नवरा मेला की बाईनं कोपऱ्यात कुजावं, हा कायदा केला कुणी? म्हणजे गोष्ट उलटी करून बघायची. उलटी केल्यावर जी आपल्याला सोसवणार नाही, ती सुलटी असतानाही जुलूमच होती.

त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही, आणि हेही लोकांच्या नजरेआड गेलं ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. नव्वदावर वर्षं! आमच्या जिल्ह्याची बाई, आणि आम्हाला तिचं नाव शाळेत कळलं नाही, युनियनच्या एका शिबिरात कळलं.

उलटं करून बघायचं म्हणतो तर आपल्याच युनियनचं बघा. सभा ठेवतो रात्री आठला. त्या वेळी बाई चुलीपाशी. मग आपणच म्हणतो, बायांना चळवळीची गोडी नाही. जिनात कापूस निवडणाऱ्या बायांच्या रोजात आणि पुरुषाच्या रोजात फरक आहे, तो सगळ्यांना पाठ आहे. मागणीपत्रकात तो कितव्या नंबरला आहे? शेवटून मोजलं तर लवकर सापडेल.

आपल्या चळवळीत चांगली उदाहरणंही आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्यांच्या खटपटीनं १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच १८९० साली त्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं ठरवलं. तो धर्म त्या नाभिकांनी काढला नव्हता. त्यांनाच कोण पाटावर बसवत होतं? पण वस्तरा त्यांच्या हातात होता, आणि आपल्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं. पोटावर पाय येईल हे माहीत असून पाहिलं.

आता आपल्या राज्याबद्दल एक शब्द. वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिकात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यासाठी गिरणी कामगारांनी रक्त सांडलं, हुतात्मा चौक त्याला साक्ष आहे. मराठी माणसाचा कारभार मराठीत चालावा, ही मागणी रास्तच होती. पण १९५५ सालीच बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर लिहिताना बजावलं होतं की, अशा राज्यात एखादी मोठी जात सत्तेवर बसेल आणि लहान जातींना दाबेल. तेव्हा पुष्कळांना ते कडू लागलं. आम्ही ज्या जातीत जन्मलो तिला तर अजून लागतं. पण आमचा सोबती मराठीच बोलतो, आमच्याहून गोड वऱ्हाडी बोलतो. चार वर्षं ती बोली नळापाशी एकटी होती.

परवा आम्ही पाच जण आपापले डबे घेऊन नळापाशी जाऊन बसलो. बाकीचे गाठींपाशीच राहिले. दोघांनी तर तोंडं फिरवली. तो काही बोलला नाही. त्यानं आपला डबा उघडला, भाकरी मोडली. आम्ही ठेचा पुढं केला. त्यानं घेतला नाही. काल पुन्हा बसलो. कालही घेतला नाही, पण कांदा फोडला तो सगळ्यांपुढं ठेवला.

उद्या पुन्हा बसणार आहोत. जागा भरपूर आहे, ज्याला यायचं त्यानं डबा घेऊन यावं. चला, भोंगा झाला.