टूटिंगची लोकआघाडी आणि 'सिटिझन स्मिथ'

दक्षिण लंडनमधील टूटिंग ही कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयांची जुनी वस्ती असून, १९७७ ते १९८० या काळात बी.बी.सी. दूरचित्रवाणीने दाखवलेल्या 'सिटिझन स्मिथ' या विनोदी मालिकेचे बहुतेक कथानक याच वस्तीतील भुयारी रेल्वेचे स्थानक, एक पब आणि एक साधे राहते घर एवढ्याच परिघात घडते. ज्या प्रकाराला सिटकॉम म्हटले जाते त्यात पात्रे आणि जागा कायम राहतात, दर आठवड्याला अर्ध्या तासात एखादी नवी अडचण उभी राहते आणि भाग संपताना सारे जण पुन्हा जिथल्या तिथे येऊन पोहोचतात. काहीही न बदलणे हाच ज्या प्रकाराचा नियम, त्याच्या केंद्रस्थानी सारे जग उलथून टाकू पाहणारा नायक बसवणे, ही लेखक जॉन सलिव्हन यांची खरी कल्पकता होती.

वॉल्टर हेन्री स्मिथ ऊर्फ वुल्फी हा तो नायक. डोक्यावर क्रांतिकारक चे गेव्हारा याच्यासारखी काळी टोपी, अंगात अफगाणी कातडी कोट आणि छातीवर त्याच गेव्हाराचे चित्र अशा वेशात तो टूटिंग ब्रॉडवे स्थानकातून बाहेर पडतो, पार्श्वभूमीला ब्रिटिश मजूर पक्षाच्या लाल निशाणाच्या गीताची चाल शिट्टीवर वाजत असते आणि तो मूठ उंचावून जनतेच्या हाती सत्ता देण्याची घोषणा करतो. 'टूटिंग पॉप्युलर फ्रंट' म्हणजे टूटिंगची लोकआघाडी या संघटनेचा तो स्वयंघोषित नेता असला, तरी तिचे सारे सभासद एका टेबलाभोवती सहज मावतात. त्यांपैकी केन हा शाकाहारी, अहिंसावादी आणि बौद्ध विचारांकडे ओढा असलेला सौम्य मित्र आहे, टकर हा नऊ मुलांच्या संसाराखाली वाकलेला गृहस्थ आहे आणि स्पीडकडे युद्धाचे खाते असून तो डोक्याने तापट आहे. क्रांतीचा तो गौरवशाली दिवस उजाडला की शत्रूंना भिंतीशी उभे करून गोळ्या घालू, अशी धमकी वुल्फी वारंवार देतो. प्रत्यक्षात मात्र घरभाडे चुकवणे आणि कामधंदा टाळणे यांतच त्याचा बहुतेक वेळ जातो.

या पात्रामागचा काळ ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही. गेव्हारा १९६७ मध्ये बोलिव्हियात मारला गेला, पुढच्याच वर्षी युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली आणि सत्तरीच्या दशकात त्याचा चेहरा भिंतीवरच्या पोस्टरांवर आणि सदऱ्यांवर सर्रास दिसू लागला. ब्रिटनमध्ये डाव्या विचारांचे लहानमोठे असंख्य गट होते. १९७६ मध्ये देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी जावे लागले, १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांची लाट आली आणि मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. म्हणजे मालिका चालू असतानाच कामगारांची खरी ताकद ब्रिटनच्या रस्त्यांवर उतरली होती. ती कामगार संघटनांच्या हाती होती आणि तिचे भलेबुरे परिणाम साऱ्या देशाने भोगले. वुल्फीचा मात्र या चळवळीशी कसलाच संबंध नाही. ज्या वर्गासाठी तो लढतो, त्या वर्गाबरोबर त्याने फारसा घाम गाळलेला नाही, आणि मालिकेतील विनोदाचे मूळ येथे आहे. क्रांतीची कल्पनाच हास्यास्पद आहे असे सलिव्हन यांनी कुठेही सुचवलेले नाही; लोकांचे नाव घेणारा माणूस लोकांना कधी काही विचारत नाही, यावर त्यांचे बोट आहे.

हे बोट इतके अचूक पडले, कारण सलिव्हन स्वतः त्या मातीतले होते. टूटिंगला लागून असलेल्या बॅलम भागात १९४६ मध्ये एका नळकाम करणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला, शाळा त्यांनी लवकर सोडली आणि बऱ्याच किरकोळ नोकऱ्यांनंतर ते बी.बी.सी.मध्ये नेपथ्य हलवणाऱ्या कामगारांत दाखल झाले. तेथे त्यांनी निर्माते डेनिस मेन विल्सन यांना गाठून आपली कल्पना सांगितली, एप्रिल १९७७ मध्ये तिचा नमुना भाग प्रसारित झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मालिका सुरू झाली. गरीब वस्तीवर बाहेरून लिहिणाऱ्यांच्या लेखनात दया किंवा तुच्छता डोकावते. सलिव्हन यांच्या लेखनात ती नाही. वुल्फीची मैत्रीण शर्ली हिचे वडील चार्ली जॉन्सन वुल्फीचा तिरस्कार करतात, तर तिची आई त्याला मायेने वागवते आणि त्याचे नाव मात्र दर वेळी चुकून 'फॉक्सी' असे घेते; ज्या जनतेचा तो नेता म्हणवतो, तिला त्याचे नावसुद्धा धड माहीत नाही, हे या एका लकबीतून कोणत्याही भाषणाविना उमगते.

मालिकेतील सर्वांत धाडसी प्रसंग १९७९ मधील 'द ग्लोरियस डे' या भागात येतो. सॉल्झबरीच्या माळरानावर सरावासाठी गेलेल्या आघाडीच्या हाती सैन्याचा एक बेवारस रणगाडा लागतो, तो लंडनला आणला जातो आणि वुल्फी साथीदारांसह थेट ब्रिटिश संसदेवर चाल करून जातो. पण आत पोहोचल्यावर सभागृह रिकामे असल्याचे आढळते, कारण संसदेला सुट्टी असते. या प्रसंगात शोकात्मिकेचे बीज आहे. ज्या ठिकाणी सत्ता वसते असे वुल्फीने आयुष्यभर मानले, त्या ठिकाणी तो पोहोचतो आणि तेथे कोणीच नसते. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याच्या तुरुंगातून सुटण्याने होते, आणि त्या भागाच्या शीर्षकात १६०५ मध्ये संसद उडवून देण्याच्या कटात सापडलेल्या गाय फॉक्सचे नाव येते.

टूटिंगमधील सत्ता मात्र वुल्फीच्या डोळ्यांसमोरच होती. तो ज्या पबमध्ये बसून क्रांतीचे बेत आखतो, त्या 'व्हिजिलांटी'चा मालक हॅरी फेनिंग हा तेथला गुंड आहे. वस्तीत खरा धाक त्याचा चालतो आणि त्याच्यापुढे आघाडीच्या साऱ्या घोषणा थंड पडतात. फेनिंगनंतर त्याची जागा रॉनी लिंच घेतो, आणि शेवटी वुल्फीला टूटिंग सोडून पळ काढावा लागतो तो पोलिसांच्या किंवा सरकारच्या भीतीने नव्हे, तर या लिंचच्या भीतीने. सलिव्हन यांची राजकीय समज येथे फार खोल आहे. लोकांच्या गळ्याभोवतीचा फास पुष्कळदा संसदेत नसून कोपऱ्यावरच्या दुकानात असतो, हे त्यांनी हसवता हसवता दाखवले.

वुल्फीची भूमिका करणाऱ्या रॉबर्ट लिंडसे यांना या मालिकेने घराघरांत पोहोचवले. पुढे १९९१ मध्ये ॲलन ब्लीझडेल यांच्या 'जी.बी.एच.' या मालिकेत त्यांनी एका नगरपालिकेच्या कडव्या डाव्या नेत्याची भूमिका केली. सत्ता खरोखर हाती आली असती तर वुल्फीसारख्या माणसाचे काय झाले असते, याचे ते गंभीर उत्तर मानता येईल. सलिव्हन यांनी १९८१ मध्ये 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही मालिका सुरू केली. तिचा नायक डेल ट्रॉटर हाही दक्षिण लंडनचाच आणि तसाच स्वप्नाळू आहे, मात्र क्रांतीऐवजी तो लक्षाधीश होण्याची वाट पाहतो. ती मालिका अफाट लोकप्रिय झाली आणि तिच्या प्रकाशात 'सिटिझन स्मिथ' काहीशी मागे पडली. ज्यांनी सलिव्हन यांना डेल ट्रॉटरमुळे ओळखले, त्यांनी वुल्फीची ही मालिका आवर्जून पाहावी. लेखकाची वस्तीवरची माया आणि तिच्याविषयीची जाण या पहिल्याच मालिकेत पूर्णपणे उतरलेली आहे.