आधी आत शिरा, मग दर सांगा

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला कृष्णेचा पूर आला. इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरला, दुकानांत गाळ राहिला.

आमच्या साताऱ्याकडचे दोघे भाऊ जोराचे पाणी मारणारा पंप घेऊन तिकडे गेले. एका गोदामाचे नुसते दार बघून बोलले, ३००० रुपये. आत गुडघाभर गाळ! काम तीन दिवस चालले. दोन गड्यांची मजुरी २४००, टँकर १५००, पेट्रोल ६००. झाले ४५००. शेळी विकून गड्यांचे पैसे चुकते केले. हिशेब आम्हीच शिकवला होता त्यांना!

आता ते आधी आत शिरतात. गाळात काठी घालून बघतात, जागा पावलांनी मोजतात. पाणी कोणाचे, ते ठरवतात. खर्च मांडून वर आपली मजुरी धरतात. परवा एकाने निम्म्या दराने मागितले. पंप उचलून दोघे घरी आले.