उमेदवारी

कचेरीत नव्याने आलेल्या मुलाला पूर्वी 'उमेदवार' म्हणत. आज हा शब्द निवडणुकीच्या धामधुमीतच अधिक ऐकू येतो. परंतु त्याचा जुना घरोबा दप्तराशी होता. एखाद्या ओळखीच्या कारकुनाचे बोट धरून मुलगा कचेरीत शिरे, बैठकीच्या कडेला बसे, बोरू तासून देई, रुमाल सोडी आणि बांधी, मोडी कागदांच्या नकला उतरून काढी. पगार नाही, पुढेमागे जागा रिकामी झाली तर ती आपल्याला मिळेल एवढी उमेद, म्हणून तो उमेदवार. अशा बसण्याने त्याचे अक्षर वळे, हिशेबाची रीत हाती येई, आणि त्याबरोबरच आणखी एक शिक्षण नकळत अंगी भिनत जाई: आलेल्यांपैकी कोणाला बसा म्हणावे, कोणाला दारात उभे ठेवावे, कोणाचा कागद आज काढावा आणि कोणाचा उद्यावर ढकलावा. या दुसऱ्या शिक्षणाचा अभ्यासक्रम कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

पहिल्या शिक्षणाची सोय आता पुष्कळच झाली आहे. १९५९ साली मसुरीस राष्ट्रीय प्रशासन अकादमी निघाली. पुण्याची 'यशदा' सर्वांच्या परिचयाची आहे. आणि २०२० साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'मिशन कर्मयोगी'मुळे सरकारी नोकराला हातातल्या मोबाइलवरही धडे गिरविता येतात. हे सर्व इष्टच होय. परंतु राज्यकारभाराचे शिक्षण मनावर घेऊन त्यासाठी हात सैल सोडणारे एक संस्थान पूर्वीही होऊन गेले. त्या बडोद्यात काय घडले, ते पाहण्याजोगे आहे.

बडोद्यात या शिक्षणाचा आरंभ गादीपासूनच झाला. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकरी घराण्यातील मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे, आणि अक्षरओळखीपासूनच सारी सुरुवात. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक झाले. कारभाराची सूत्रे दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होती. हे माधवराव तंजावराकडील मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. त्रावणकोर आणि इंदूर या दोन्ही दरबारांची दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले होते. त्रावणकोरात त्यांच्या नोकरीचा प्रारंभ राजपुत्रांचे शिक्षक म्हणून झाला होता, हे विसरता येत नाही. कारण दिवाण झाले तरी त्यांच्यातला शिक्षक काही सुटला नाही.

१८८१ साली, राज्याधिकार हाती येण्यापूर्वी, माधवरावांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही आपापल्या खात्याचे काम त्यांना समजावून सांगितले. दिवाणांची व्याख्याने पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने इंग्रजीत छापली गेली आणि २०२२ साली त्यांची नवी आवृत्तीही निघाली. राज्य आहे ते प्रजेच्या सुखासाठी, हे त्यांतील मुख्य सूत्र. ज्याच्या तोंडून निघालेला शब्द हुकूम ठरणार, त्याला नोकराने समोर बसवून धडे द्यावेत आणि त्याने ते ऐकावेत, हा प्रसंग कोणत्याही दरबारात विरळाच. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना अधिकार मिळाले.

स्वतः उमेदवारी केलेल्या या राजाने पुढे चांगली माणसे हेरून आणली. अरविंद घोष यांचे उदाहरण तर गमतीचे आहे. १८९० साली ते इंग्लंडात आय. सी. एस.ची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि केंब्रिजला त्यांची दोन वर्षांची उमेदवारीही झाली. पण घोडेस्वारीच्या परीक्षेस ते हजर राहिले नाहीत, म्हणून त्यांना नोकरी नाकारण्यात आली. घोड्यावरून उतरलेल्या ह्या विद्वानाला बडोद्याने खुर्चीवर बसविले. १८९३ साली ते आधी जमीन-मोजणीच्या खात्यात, मग महसुलाकडे, मग हुजूर कचेरीत, असे खात्याखात्यांतून फिरले. मराठी आणि गुजराती या भाषाही ते बडोद्यातच शिकले. काम कळावयाचे तर माणूस एका टेबलाला जखडून चालत नाही, हे बडोद्याला उमगले होते.

या शिक्षणात उणीव कोठे राहिली, ते १९१७ साली उघड झाले. चार वर्षांपूर्वी बडोदे सरकारने भीमराव आंबेडकर या पदवीधराला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती आणि दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला होता. अनुभव मिळाल्यावर त्यांना अर्थमंत्री करावे असा महाराजांचा मानस होता, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. न्यूयॉर्क आणि लंडन येथील अभ्यासानंतर करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले आणि अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले. कीरांनी लिहिले आहे की, या कचेरीतले शिपाई कागदपत्रे त्यांच्या हातात न देता टेबलावर लांबून फेकीत.

शिपायाने हे कोठून शिकावे? ज्या संस्थानाने १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्याच्याच कचेरीत हे चालले होते. हुकूम राजवाड्यातून निघे. कागद मात्र शिपायाच्या हातून टेबलावर येई, आणि त्या हाताला शिकविणारा माधवराव कोणी नेमलेला नव्हता. बरे, एकट्या शिपायास दोष देऊन भागत नाही. समोर बसलेले अव्वल कारकून आणि त्यांच्यावरचे अंमलदार हा प्रकार पाहत होतेच की!

राहण्याच्या जागेची कथा स्वतः बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळीत थारा मिळणार नाही हे ओळखून ते एका पारशी उतारशाळेत खोटे पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसे हातांत काठ्या घेऊन जिन्याने वर आली. संध्याकाळच्या आत खोली सोड, असे त्यांनी बजावले. दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजताची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. तिलाच आता सयाजीबाग म्हणतात.

सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी संस्थानकडे विनंती केली होती. ती नामंजूर झाली नव्हती. ते नऊच्या गाडीने मुंबईस गेले त्या दिवशी त्यांचा अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरतच होता.