शिल्लकेचा रकाना



अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. आज ती मोडण्याची परवानगी द्या. खंडाळ्यात भर पावसाळ्यात जमलो आहोत, तर पावसाच्या तक्त्यापासूनच सुरुवात करतो.

जून उजाडला की वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येऊ लागते. गावाचे नाव, आजचा पाऊस, आजअखेर पाऊस, गतवर्षी आजअखेर. पुणे जिल्ह्यात लोणावळ्याच्या ओळीवर नजर गेल्याशिवाय राहत नाही. यातला 'आजचा' हा आकडा पर्जन्यमापक देतो. सकाळी साडेआठला मोजला, वहीत लिहिला, काम झाले. 'आजअखेर' मात्र कुठल्याही भांड्यात साठत नाही. एक जूनपासूनच्या सगळ्या ओळींकडे वळून पाहावे तेव्हा तो लिहिता येतो. ओळीने आपली जागा सोडायची नाही आणि तरी शेजारच्या ओळींचा हिशेब करायचा. एसक्यूएलमधले विंडो फंक्शन करते ते एवढेच, आणि मला आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

बेरीज म्हटली की आपण विद्यार्थ्याला ग्रुप बाय शिकवतो. ग्रुप बाय जूनचा पाऊस सांगते, पण तीस दिवसांच्या तीस ओळी पोटात घालून एकच ओळ बाहेर काढते. कोणत्या दिवशी आभाळ फाटले ते त्या ओळीत उरत नाही. विंडो फंक्शनमध्ये तीसच्या तीस ओळी शाबूत राहतात आणि प्रत्येकीसमोर एक नवा रकाना येतो. बेरजेपुढे ओव्हर लिहायचे, कंसात पार्टिशन बाय गाव आणि वर्ष, मग ऑर्डर बाय तारीख. यातले वर्ष विसरलात तर गेल्या सप्टेंबरचा पाऊस या जूनच्या डोक्यावर येऊन बसतो.

आडतीच्या गादीवर किंवा पतसंस्थेत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार येतील तसे उतरतात. तिथून ते खातेवार खतावणीत जातात आणि प्रत्येक नोंदीसमोर शिल्लक पडते. खतावणी हे पार्टिशन बाय, तारखेचा क्रम हे ऑर्डर बाय आणि शिल्लकेचा रकाना ही चालती बेरीज. पान भरले की 'मागील पानावरून पुढे'. म्हणून या विषयाला पुस्तकात 'प्रगत' म्हणून शेवटच्या प्रकरणात ढकललेले पाहिले की मला वाईट वाटते. आपल्या मुलामुलींच्या घरात ही वही असते. तिच्यावरून शिकवले तर एका तासिकेत कळेल असा हा विषय आहे.

विंडो फंक्शन एसक्यूएल भाषेत उशिरा आले, त्यालाही कारण आहे. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये तक्ता म्हणजे ओळींचा संच, आणि संचाला क्रम नसतो. जिथे क्रमच नाही तिथे 'आधीची ओळ' हे शब्द कसे उच्चारणार? १९९९च्या ओरॅकल ८आय मध्ये ही सोय दिसली, २००३च्या एसक्यूएल प्रमाणकात ती पक्की झाली, पोस्टग्रेसमध्ये २००९ साली ८.४ आवृत्तीत आली. आपल्यातल्या अनेकांची रोजची भाकरी ज्यावर आहे त्या मायएसक्यूएलला २०१८ची ८.० आवृत्ती उजाडावी लागली. तोवर आपण तक्ता स्वतःलाच जोडत होतो. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. प्रत्येक दिवसासाठी पहिल्यापासून बेरीज मांडायची, तर ७,५०३ आकडे हाताळावे लागतात. मागची शिल्लक धरून पुढे गेले की १२२. लाख ओळींच्या तक्त्यात हाच हिशेब पाचशे कोटींच्या घरात जातो.

आता एक अनुभव सांगतो, कारण त्याने मला या विषयाकडे नव्याने पाहायला लावले. एका पतसंस्थेचे पासबुक छापणारी क्वेरी मी लिहिली होती. ताळेबंद जुळला, प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक जुळली, मी निर्धास्त झालो. पासबुके छापायला लागली तेव्हा तिथल्या रोखपाल बाईंनी एका ओळीवर बोट ठेवले. सुरुवातीची शिल्लक दहा हजार. त्याच तारखेला खातेदाराने पाच हजार भरले आणि मग दोन हजार काढले. माझ्या क्वेरीने दोन्ही ओळींसमोर तेरा हजार छापले होते. बाई म्हणाल्या, "साहेब, भरणा झाल्यावर पंधरा पाहिजेत. पैसे काढायच्या आधीच तेरा कसे झाले?"

चूक माझी होती आणि ती अनेकांच्या क्वेरीत आजही असेल. ओव्हरमध्ये ऑर्डर बाय लिहून चौकट, म्हणजे कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी बेरजेत धरायच्या ते, सांगितली नाही, तर डेटाबेस 'रेंज' ही चौकट धरतो. रेंज ओळी मोजत नाही, ती क्रमाची किंमत पाहते. एकाच तारखेच्या सगळ्या ओळी तिच्या लेखी जुळ्या भावंडांसारख्या. सगळ्यांना एकदम आत घेते आणि सगळ्यांना एकच बेरीज देते. म्हणून ओळी मोजणारी चौकट, 'रोज बिटवीन अनबाउंडेड प्रिसीडिंग अँड करंट रो', स्पष्ट लिहावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही. तारीख सारखी असेल तर भरणा आधी की उचल आधी हे कोणी ठरवायचे? आज एक क्रम लागेल, उद्या दुसरा. ऑर्डर बायमध्ये तारखेनंतर व्हाउचर क्रमांक हवाच. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही रोजकीर्द व्हाउचर नंबरानेच लिहितो." मी त्यांना आधीच विचारायला हवे होते.

मागची ओळ नुसती वाचायची असेल तर लॅग आहे. कर्जतहून पाठीमागे बँकर इंजिने लावून घाट चढणारी गाडी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला येते. प्रत्येक ठिकाणची वेळ ही एक ओळ. पार्टिशन गाडीचे, क्रम वेळेचा. आत्ताच्या वेळेतून लॅगने आणलेली मागची वेळ वजा केली की कोणत्या टप्प्यात किती मिनिटे गेली ते समोर येते.

पण मला पुन्हा पावसाकडे यायचे आहे. या घाटाखालच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराची माती किती भिजली आहे हे एका दिवसाच्या आकड्यावरून कळत नाही. मागच्या काही दिवसांची बेरीज लागते. ती आपण सहज लिहितो, 'रोज बिटवीन टू प्रिसीडिंग अँड करंट रो', आणि तिला तीन दिवसांचा पाऊस म्हणतो. ते तीन ओळींचे गणित आहे. अतिवृष्टीत वीज जाते, रस्ता बंद होतो, नोंदणारा पोचत नाही, आणि नेमकी त्याच दिवसाची ओळ तक्त्यात नसते. समजा वीस तारीख गळाली. एकवीसची बेरीज मग अठरा, एकोणीस आणि एकवीसची होते. सर्वांत मोठा पाऊस बाहेर राहतो आणि आकडा मात्र पूर्ण असल्यासारखा दिसतो.

याला उपाय आहेत. पोस्टग्रेस ११ पासून रेंजमध्ये दोन दिवसांचे अंतर थेट सांगता येते; मघाशी अडचणीत आणणारी रेंज इथे कामाला येते, कारण ती किंमत पाहते. जिथे ही सोय नाही तिथे तारखांचा वेगळा तक्ता करून त्याला नोंदी लेफ्ट जॉइनने जोडाव्यात, म्हणजे गळालेला दिवस रिकामा का होईना, दिसतो. मात्र बेरीज रिकाम्या जागेवरून गुपचूप पुढे जाते. म्हणून माझा आग्रह आहे की बेरजेशेजारी त्याच चौकटीवर पावसाच्या रकान्याचा काउंट ठेवा. तो सांगेल की तीन दिवसांपैकी खरोखर किती दिवस मोजले गेले.

तुमच्यापैकी काही जण जिल्हा आणि तालुका पातळीवर पाऊस, धरणसाठा, आपत्ती व्यवस्थापनाचे तक्ते तयार करतात. जिथे तो काउंट तीनपेक्षा कमी येईल, तिथे कृपा करून बेरीज छापू नका. त्या रकान्यात 'नोंद अपुरी' असे लिहा, आणि ती ओळ पाहून कोणीतरी त्या गावाला फोन करेल अशी व्यवस्था करा.